दोन पानं कमी पडतायत

रात्री साडेदहाला आमच्या अंकाची पानं लावणाऱ्या डीटीपीवाल्या काकांचा फोन. "ताई, दोन पानं कमी पडतायत." मी कळव्याच्या घरी ताट विसळत होते, ते तसंच नळाखाली राहिलं. क्लासवाले दोन पानी जाहिरात देतो म्हणाले होते ते ऐनवेळी फिरले, आणि छपाईत फर्मा, म्हणजे एकदम छापून दुमडायचा कागद, सोळा पानांचा, त्यामुळे 64 पाहिजेत म्हणजे 64च, 62 चालत नाहीत. उद्या सकाळी अंक मशीनवर जाणार होता.

मी आमच्या कॉलेजच्या वार्षिक अंकाची विद्यार्थी संपादक. हे पद मला मिळालं कसं, तर मीटिंगला मी एकटीच वेळेवर पोचले होते. 6 जानेवारीला पत्रकार दिनाचं भाषणही मलाच करायला लावलं. बाळशास्त्री जांभेकरांनी 1832 साली याच दिवशी 'दर्पण' काढलं, मराठी आणि इंग्रजी दोन्हीतून, तेही दर पंधरा दिवसांनी, आणि वय जेमतेम वीस, असं मी माईकवर सांगितलं. आई म्हणते, बघ, तुझ्याच वयाचे होते. मला वर्षातून एक काढताना केस गळायला लागलेत.

साहित्य मागवलं तेव्हा कवितांचा नुसता पूर. आईवर सतरा, पावसावर अकरा, आणि एक आईवर की पावसावर ते शेवटपर्यंत कळलं नाही. लेख फक्त चार आले, त्यातले तीन 'आपले ठाणे'. तिघांनीही 16 एप्रिल 1853ला बोरीबंदरहून गाडी सोडली आणि 34 किलोमीटर चालवून ठाण्याला आणली, तीन इंजिनं जोडून, साहिब, सिंध आणि सुलतान. एकाने सुलतानऐवजी सुलताना लिहिलंय, तेवढाच फरक. एक छापला. बाकीचे दोघं अजून माझ्याशी बोलत नाहीत.

संपादक मंडळाची खोली म्हणून जी दिलीय तिची चावी जिमखान्याच्या शिपायाकडे आणि शिपाई कायम 'आत्ताच होते'. मग आमच्या मीटिंगा ठाण्याच्या तलावपाळीच्या कट्ट्यावर. मंडळात सातजण. पाणीपुरीपर्यंत सगळे असतात, प्रुफं काढली की एकेकाची ट्रेन यायला लागते.

आणि प्रुफं म्हणजे काय सांगू. लोक मजकूर व्हॉट्सॲपवर पाठवतात, डीटीपीवाले काका तो श्रीलिपीत, म्हणजे त्यांच्या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये घेतात, त्यात अर्ध्या जोडाक्षरांचा चुरा होतो, वेलांट्या भलत्याच अक्षरावर जाऊन बसतात, मग काका वैतागून सगळं पुन्हा हाताने टाईप करतात आणि त्यात स्वतःची भर घालतात. प्राचार्यांच्या परिचयात 'तीस वर्षांचा अनुभव असलेले'चं 'नसलेले' झालं होतं. त्या एका अक्षरापायी कॉलेजने माझ्या हातात टीसीच दिलं असतं, पण वाचले, कारण ते मला रात्री दोन वाजता दिसलं, चौथ्या वाचनात. त्याआधी तीन वेळा मला ते बरोबरच वाटलं होतं (का ते विचारू नका).

तर दोन पानं. ग्रुपवर टाकलं, 'कुणाचं काही राहिलंय का, आत्ता पाठवा'. वर्षभर 'आमच्यावर अन्याय झाला' म्हणणारे सगळे, निळ्या टिका आणि शांतता.

एक गोष्ट माझ्याकडे होती. कँटीनवरची माझी शोधपत्रकारिता. जूनमधला समोसा मी कंपासपेटीतल्या पट्टीवर मोजून ठेवला होता, साडेसात सेंटीमीटर. डिसेंबरातला भरला सहा. भाव तोच. शीर्षक 'समोसा लहान, किंमत महान'. अंकाचं बघणाऱ्या मॅडमनी तेव्हा लेख परत केला होता, "सकारात्मक लिही गं काहीतरी." आता मॅडमना फोन लावला तर त्या भाचीच्या हळदीत, मागे बँजो, मी म्हटलं मॅडम दोन पानं कमी पडतायत, मागच्या वेळचा लेख टाकू का, त्या ओरडल्या, "काय?" मी परत सांगितलं. "हो हो, टाक काहीही!"

टाकला. दोन पानं भरेनात म्हणून कँटीनवाल्या काकांचा फोटो अर्ध्या पानाचा केला. ट्रे हातात, शर्टाचं वरचं बटण लावून, हसतायत. मुलाखत आहे समजून त्यांनी खास केस विंचरले होते. मला तेव्हाच जरा वाईट वाटलेलं.

अंक आला. मी दोन दिवस कँटीनकडे फिरकले नाही, डबा वर्गातच खाल्ला. कॉलेजात जो तो अंक हातात घेऊन आपला फोटो कुठल्या पानावर ते शोधत होता, सापडला की अंक बॅगेत, संपलं. मॅडमनी आपलं हळदीआधी लिहिलेलं संपादकीय पुन्हा पुन्हा वाचलं आणि म्हणाल्या छान झालाय अंक.

तिसऱ्या दिवशी कँटीनवाल्या काकांनीच जिन्यात गाठलं. माझ्या पोटात गोळा. ते म्हणाले, "पोरी, फोटो फस्क्लास आलाय. अजून चार अंक मिळतील का? मुलीच्या सासरी पाठवायचेत."

मी म्हटलं, काका, खालचं वाचलंत?

"चष्मा घरी राहिलाय गं," म्हणाले, आणि मला कँटीनमध्ये नेऊन एक समोसा फुकट दिला. साडेपाच असेल.