'एकदा रेकॉर्ड करा, दहा वर्षं चालवा' म्हणणाऱ्यांना उत्तर

पुण्यातल्या प्राध्यापकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक पोस्ट फिरते आहे. परदेशी पीजी आणि पीएचडी विद्यार्थ्यांसाठी रिसर्च मेथडॉलॉजीचा ऑनलाइन कोर्स कसा करायचा, याचा तिने चार वाक्यांत निकाल लावला आहे: पद्धती जगभर सारखीच, तासाभराची लेक्चरं एकदा रेकॉर्ड करून दहा वर्षं चालवा, एथिक्सचा, म्हणजे संशोधनाच्या नैतिक मंजुरीचा, एकच फॉर्म सगळ्यांना द्या, शेवटी बहुपर्यायी परीक्षा घ्या. यंदा असा कोर्स बांधायचं काम ज्या तरुण सहकारी प्राध्यापिकेकडे आलंय, तिनेच ती पाठवून विचारलं, "असंच करू ना, सर?" कृपा करून करू नका.

'पद्धती जगभर सारखीच.' अर्धं खरं आहे, तेवढं मान्य. ९५ टक्के विश्वासपातळी आणि ५ टक्के त्रुटी धरली की साध्या यादृच्छिक नमुन्याला ३८५ जण लागतात, पुण्यातही आणि नैरोबीतही. पण विद्यार्थी हा आकडा पाठ करतात आणि समूह नमुन्यालाही, म्हणजे सुटी माणसं न निवडता आख्ख्या वस्त्या किंवा गावं निवडतात तिथेही, लावतात. तिथे डिझाइन इफेक्ट (एका समूहातली माणसं एकसारखी असल्यामुळे नमुना किती पट वाढवावा लागतो तो आकडा) २ धरला तर ७६९ लागतात. शिवाय ही माणसं निवडायची कुठून? आपण सहज सांगतो, मतदार यादी घ्या. ज्याच्या भागात धड यादीच नाही, त्याला नकाशावर वस्तीचे तुकडे पाडून, त्यातले काही चिठ्ठ्या टाकून निवडून, तिथल्या घरांची यादी स्वतः करावी लागते. हे शिकवलं नाही तर तो ओळखीपाळखीत गुगल फॉर्म फिरवतो आणि प्रबंधात 'यादृच्छिक नमुना' असं लिहितो. म्हणून संकल्पनेचा व्हिडिओ एकच ठेवा, पण उदाहरणं वेगळ्या पानांवर द्या: यादी असलेलं ठिकाण, यादी नसलेलं ठिकाण, आणि सतत स्थलांतर करणारी माणसं. पुढची बॅच बदलली की पान बदलायचं, व्हिडिओ नाही.

'एथिक्सचा एकच फॉर्म.' हा सल्ला सगळ्यात घातक, कारण इथे विद्यार्थ्याचं वर्ष वाया जातं. केनियात संशोधन करायला नॅकोस्टी या सरकारी आयोगाचा परवाना लागतो. नेपाळमध्ये आरोग्यविषयक अभ्यासाला नेपाळ हेल्थ रिसर्च कौन्सिलची मान्यता लागते. इथल्या एथिक्स कमिटीचं पत्र त्यांच्या जागी चालत नाही, आणि तिथली परवानगी मिळाली म्हणून इथली सुटत नाही. विद्यार्थी सुट्टीत घरी जातो, दोनशे मुलाखती घेऊन परत येतो आणि मग परवानगीचं विचारतो. कमिट्या सहसा मागाहून मंजुरी देत नाहीत, त्यामुळे तो डेटा बाद होतो. व्हिसा आणि शिष्यवृत्तीची मुदत मात्र थांबत नाही.

म्हणून प्रश्नावलीच्या घटकाआधी एक पान भरून घ्या: डेटा कोणत्या देशात, तिथे परवानगी कोण देतं, किती आठवडे लागतात, संमतीपत्र उत्तरदात्याच्या भाषेत आहे का आणि दुसऱ्या माणसाकडून परत मूळ भाषेत उलट भाषांतर करून ते तपासलं का, डेटा कुठे ठेवणार. कोर्स ज्यावर चालतो त्या मूडल या प्रणालीत 'रिस्ट्रिक्ट ॲक्सेस' लावा, म्हणजे गाइडने ते पान तपासल्याशिवाय पुढचा घटक उघडणार नाही. देशवार नियम व्हिडिओत कधीच बोलू नका. मजकुराच्या पानावर ठेवा आणि वर तपासणीची तारीख व जबाबदार व्यक्तीचं नाव लिहा.

'तासाभराची लेक्चरं.' फिलिप गुओ, जुहो किम आणि रॉब रुबिन यांनी २०१४ मध्ये एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या मंचावरची ६९ लाख व्हिडिओ-सत्रं तपासली. व्हिडिओ कितीही लांब असो, पाहण्याच्या वेळेचा मध्यक सहा मिनिटांपलीकडे गेला नाही. वर्गातल्या रेकॉर्डिंगचे नंतर तुकडे पाडले तरी ते ऑनलाइनसाठी आखलेल्या व्हिडिओइतके पाहिले गेले नाहीत. ते खुले कोर्स होते, आपले विद्यार्थी पदवीसाठी पाहतात, हा फरक धरला तरी तासाचं लेक्चर टिकत नाही. पुण्यात सकाळचे दहा म्हणजे नैरोबीत साडेसात, तेव्हा रेकॉर्डिंग हवंच. पण सहा मिनिटांचं, लिहून काढलेल्या संहितेवरून. त्यात 'मागच्या मंगळवारी', 'लेक्चर सातमध्ये' असं काही नको. सॉफ्टवेअरचा मेनू संकल्पनेच्या व्हिडिओत दाखवला तर मेनू बदलताच सगळं पुन्हा करावं लागतं. तो भाग वेगळा करा, आणि आर किंवा जमोवी या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरवर करा. दोन्ही फुकट आहेत, घरी गेल्यावर एसपीएसएस या विकतच्या सॉफ्टवेअरच्या लायसन्ससाठी अडत नाही. सबटायटल संहितेवरून दुरुस्त करा. मूडलचा बॅकअप मूडलबाहेर नीट उघडेलच असं नाही, म्हणून संहिता, स्लाइड, सीएसव्ही (डेटाचे साधे तक्ते) यांच्या मूळ फाइली वेगळ्या जपा. दुसऱ्या विभागाला वापरू द्यायचं असेल तर क्रिएटिव्ह कॉमन्सचा 'नो डेरिव्हेटिव्ह्ज' परवाना टाळा. बदललेली आवृत्ती त्यांना पुढे देताच येणार नाही.

'बहुपर्यायी परीक्षा.' दुसऱ्या बॅचपर्यंत उत्तरं फुटलेली असतात. त्यापेक्षा पाच हजार ओळींची एक सीएसव्ही द्या. प्रत्येकाने आरमध्ये आपला रोल नंबर सीड (यादृच्छिक निवड ज्या आकड्यापासून सुरू होते तो) म्हणून टाकून २०० ओळी काढायच्या आणि विश्लेषण लिहायचं. उत्तरं सगळ्यांची वेगळी येतात, गुणांकनाचे निकष एकच राहतात, आणि तोच नंबर टाकून परीक्षकाला तोच नमुना समोर आणता येतो.