चादर गुंडाळलेला पिंजरा

सोलापूरच्या आसपास गाडी उलटावी असा एकही डोंगर नाही, ही गोष्ट जीपमध्ये रोल केज, म्हणजे गाडी उलटली तर आतल्या माणसांना वाचवणारा लोखंडी सांगाडा, बसवून झाल्यावर माझ्या ध्यानात आली, आणि तीसुद्धा बायकोने आणून दिली म्हणून. तोपर्यंत आमच्या जुन्या, उघड्या जीपमध्ये सीटांमागे एक भक्कम कमान, पुढच्या काचेपाशी दुसरी, दोहोंना जोडणारे आडवे पाईप आणि मागच्या कमानीत एक तिरपा पाईप असा लोखंडी संसार थाटला गेला होता. घरात त्याला पिंजरा म्हणतात.

मुख्य कमानीला बिनजोड पाईप लागतो. मोटारशर्यतींच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार ४५ मिलिमीटर व्यासाचा आणि २.५ मिलिमीटर जाडीचा चालतो. हे आकडे पाठ करून मी अक्कलकोट रोडला एका गॅरेजात गेलो, तर मिस्त्रींनी कोपऱ्यातला नळाचा पाईप पुढे केला. त्याला लांबीभर जोड असतो आणि वर जस्ताचा मुलामा. वेल्डिंग करताना तो जळून जो धूर निघतो त्याने थंडीताप भरतो, असे मी समजावून सांगितले. “वीस वर्षं हाच धूर खातोय मालक, काय झालंय का मला?” असे म्हणून ते बराच वेळ खोकले.

अखेर वीस फुटी बिनजोड पाईप आला. दुकानातून दोन पोरे तो खांद्यावर घेऊन निघाली तेव्हा सिद्धेश्वराची यात्रा होऊन दोन महिने लोटले होते. तरीही वाटेत एका आजींनी यात्रेत मिरवतात ती उंच काठी, म्हणजे नंदीध्वज, समजून हात जोडले. मी मागून चालत असल्याने थोडा नमस्कार माझ्याही वाट्याला आला.

पहिल्याच वाकणात पाईप आतल्या अंगाने चेपला आणि त्याला सुरकुती पडली. नेमका तिथेच तो दगा देणार, हे मी सांगितल्यावर मिस्त्री म्हणाले, “रंग मारल्यावर दिसत नाय.” एक पाईप दुसऱ्याला भिडतो तिथे त्याचे टोक माशाच्या तोंडासारखे कापावे लागते, म्हणजे फट राहत नाही. मिस्त्रींच्या माशाने जबडा जरा जास्तच वासला होता. “फट काय, रॉडनं भरून काढतो की,” यावर मात्र मी भांडलो आणि तो तुकडा पुन्हा कापायला लावला. वेल्डिंगपूर्वी बॅटरीची तार काढणे, कमानींच्या पायांखाली किमान ३ मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या आणि प्रत्येकी तीन बोल्ट, यांवर भांडण्याचे त्राण मार्चच्या उन्हात उरले नव्हते. सुदैवाने ते सारे त्यांनी आपणहून केले.

मग सीट परत बसवली. कमानीमुळे ती मागे सरकेना, त्यामुळे स्टिअरिंग पोटात रुतले आणि गुडघे कानांशी गप्पा मारू लागले. चढताना डोके पाईपवर आपटले, उतरतानाही आपटले. शर्यतीत हेल्मेट घालतात आणि डोक्याजवळच्या पाईपांवर दाट फोम लावतात, तो याचसाठी. बायकोने घरातली जुनी सोलापुरी चादर फाडून गुंडाळली. चादरीने डोके वाचत नाही. टेंगूळ तेवढे उबदार राहते.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत वाटेल तो बदल करता येत नाही, म्हणून रस्त्यावर न आणता ती सासऱ्यांच्या शेतातच वापरायचे ठरले. कुठल्याही वाटेवरून जाण्यासाठी सिद्ध केलेली जीप टेम्पोतून गेली. सासऱ्यांनी पिंजऱ्याभोवती एक फेरी मारली. “जावईबापू, कडब्याला चांगला आधार झाला हा,” असे म्हणून त्यांनी वरच्या पाईपांवर ज्वारीच्या कडब्याच्या पेंढ्या पुरुषभर उंच रचून दोरीने आवळल्या, आणि मला बांध ओलांडायला सांगितले.

बांधावर चाक चढताच वरचे ओझे एका अंगाला झुकले आणि जीप अलगद कुशीवर कलंडली. खाली कडबा असल्यामुळे पिंजऱ्याचा एकही पाईप जमिनीला टेकला नाही. माझे डोके मात्र पाईपला टेकले, बरोबर चादर सुटलेल्या जागी.