ठरलेल्या सात दिवसांचं गणित मराठवाड्यात बसत नाही

कुरणाचे कप्पे पाडून जनावरं आळीपाळीनं चारण्यावरच्या लेखात बारा महिने दर सात दिवसांनी कप्पा बदलायला सांगितलंय. हे आपल्याकडे करू नका. पावसाळ्यात खाल्लेलं गवत तीन-चार दिवसांत पुन्हा फुटतं. सातव्या दिवसापर्यंत जनावर तिथंच राहिलं तर तोच कोवळा फुटवा परत खातं, मुळांतला साठा संपतो आणि मारवेल, पवन्यासारखी चांगली गवतं मरून कुसळी माजते. म्हणून तीन दिवसांत कप्पा सोडा. चरून झालेल्या कप्प्याला विश्रांती जुलै-ऑगस्टमध्ये साधारण महिनाभर, पाऊस ओसरला की दुप्पट. तारखेपेक्षा गवत बघा.

कप्पा किती मोठा? एक चौरस मीटर गवत कापून वजन करा. ६०० ग्रॅम भरलं तर त्यातलं निम्मंच चारायचं. तीनशे किलोच्या देवणी गाईला रोज तीसेक किलो ओला चारा लागतो, म्हणजे गाईमागे दिवसाला एक गुंठा. गवत चार बोटांवर आलं की बाहेर काढा. उस्मानाबादी शेळ्यांना तर हे फार महत्त्वाचं, कारण जंतांच्या अळ्या बुडाजवळच जास्त असतात.

काळी रानं ओली असताना जनावरं आत घालूच नका. खुरांनी जमीन दाबली जाते, मग पाणी मुरत नाही.

कप्प्याच्या तारेच्या कुंपणात विजेचा झटका सोडणाऱ्या झटका मशीनचं अर्थिंग उन्हाळ्यात हमखास फसतं. भेगाळलेल्या कोरड्या मातीत करंट परत येत नाही. अर्थिंगच्या सळ्या ओलीपर्यंत खोल ठोका, बुडाशी पाणी घाला. शेळ्यांना दोन तारा पुरत नाहीत, चार तरी हव्यात.