फोंड्यातलं अणुघड्याळ

पावसाळ्यात फोंड्यातल्या माणसाने दुपारी जेवून झोपावं, एवढंच अपेक्षित असतं. मीही तेच करत होतो. पण मोबाईल टॉवरच्या भंगारातून निघालेला रुबिडियम ऑसिलेटर (रुबिडियम धातूच्या अणूंवरून अचूक ठेका धरणारी पेटी) मला स्वस्तात मिळाला आणि झोप उडाली.

वस्तू जाडजूड कंपासपेटीएवढी. आत रुबिडियमच्या वाफेची काचेची कुपी असते, तिच्यातून दिव्याचा उजेड जातो. मायक्रोवेव्हची कंपनं सेकंदाला ६८३ कोटी ४६ लाख ८२ हजार ६१० च्या आसपास आली की तो उजेड किंचित मंदावतो. ते मंदावणं धरून ठेवायचं, झालं घड्याळ! (१९६७ पासून सेकंदाची व्याख्याच ज्याच्यावर बेतली आहे ते सीझियम धातूचं घड्याळ माझ्या खिशाला झेपणारं नव्हतं.) मला फक्त १५ व्होल्ट पुरवायचे होते आणि बाहेर येणाऱ्या १० मेगाहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला एक कोटी ठोक्यांना, एक कोटीने भागायचं होतं, की सेकंदाला एक ठोका.

पेटी मात्र भलतीच तापते. उष्णता खेचायला खाली जाड अॅल्युमिनियम हवं. घरात तसं एकच होतं. हिच्या पोळ्यांच्या तव्याला मी चार भोकं पाडली. पुढचे दोन दिवस घरात पोळ्या झाल्या नाहीत, बोलणंही झालं नाही.

शेजारचे बाब छत्री मिटत दारातूनच म्हणाले, "फुटचें ना मूं तें?"

"नाही हो. अणू फुटत नाही, त्याचा इलेक्ट्रॉन नुसता कूस बदलतो."

"मागीर बरें," म्हणून ते स्वतः कूस बदलायला घरी गेले.

पेटी तापून लॉकचा, म्हणजे अणूंशी ठेका जुळल्याचा, हिरवा दिवा लागायला काही मिनिटं लागायची, आणि दिवा लागला की लाईट जायची. तीनदा गेली. चौथ्यांदा मी इन्व्हर्टर जोडला. आकडे पळू लागले: ००:००:०१, ००:००:०२...

"किती वाजले रे?" आईने विचारलं.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. सेकंद केवढा असतो ते या यंत्राला अचूक ठाऊक, पण वाजले किती हे कोणीतरी सांगावं लागतं. मोबाईलला रेंज नव्हती. भिंतीवरचं घड्याळ बघून वेळ लावली आणि मग आठवलं, आईने ते बससाठी दहा मिनिटं पुढे ठेवलंय.

म्हणजे आमचं अणुघड्याळ दहा मिनिटं पुढे आहे, आणि दहा वर्षांनीही त्या दहा मिनिटांत सेकंदाचा फरक पडेल की नाही, शंकाच आहे.

"राहू दे तसंच," आई म्हणाली. "तवा कधी आणतोस?"