घोडा फिरवला की विसरभोळेपणा जातो?

नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याची घोडेबाजाराची यात्रा जवळ आली की घोड्यांचे व्हिडिओ फिरतात. यंदा सोबत हा मजकूरही फिरतोय: पंचेचाळिशीनंतर बाईनं रोज अर्धा तास घोडा फिरवला, तर हिसक्यांनी मेंदूत नव्या पेशी तयार होतात, पाळी जातानाचा विसरभोळेपणा थांबतो, म्हातारपणी स्मृतिभ्रंश होत नाही आणि बीपीच्या गोळ्याही सुटतात.

हिसक्यांचं आधी घेऊ. सारंगखेड्यात गिऱ्हाईक रेवाल चालीच्या घोड्याला जास्त पैसे मोजतं, कारण त्यावर हिसके बसतच नाहीत. मग तो महागाचा घोडा मेंदूला निरुपयोगी म्हणायचा का?

विसरभोळेपणा खरा आहे, बायका उगाच तक्रार करत नाहीत. पण अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीत दिसलं, की पाळी जाण्याच्या काळात नवं लक्षात ठेवणं मंदावतं आणि पुढे बहुतेकींचं पूर्ववत होतं. त्याच काळात रपेट सुरू केली असेल, तर श्रेय आयतं घोड्याला!

स्मृतिभ्रंशाच्या दाव्यात थोडं तथ्य आहे, पण ते व्यायामाचं. स्वीडनमध्ये 1968 साली 38 ते 60 वयाच्या 191 बायकांना दम संपेपर्यंत सायकल मारायला लावली आणि पुढे 44 वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. दमदार बायकांपैकी 5 टक्के, तर कमी दमाच्या 32 टक्के जणींना स्मृतिभ्रंश झाला. गट छोटे होते, आणि दमामुळेच आजार टळला असं संशोधकही म्हणत नाहीत. शिवाय ती सायकल होती. संथ चालणाऱ्या घोड्यावर दम लागतो तो मुख्यतः घोड्याला. दुडक्या चालीत स्वारालाही लागतो, हे मान्य. पण जळगावात मेहरूण तलावाभोवती भरभर चालणारीलाही तो लागतोच, आणि तिला चारा-नालबंदीचा खर्च नाही.

मजकुरात पडण्याबद्दल मात्र अक्षर नाही. सोबतच्या फोटोतली बाई नऊवारीत, डोक्याला नुसता फेटा. पाळी गेल्यावर हाडं ठिसूळ होत जातात. शिवाय लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं 2024 मध्ये स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणारी, पण टाळता येण्याजोगी 14 कारणं दिली, त्यात डोक्याला मार लागणं आहे! हौस असेल तर जरूर बसा, पण हेल्मेट घालून आणि शिकवणारा माणूस सोबत ठेवून.

गोळ्यांची ओळ सगळ्यात वाईट. उच्च रक्तदाबही त्याच यादीत आहे आणि तो मध्यम वयातच आटोक्यात ठेवावा लागतो. व्यायामानं आकडा उतरलाच, तर गोळी कमी करायची की नाही ते डॉक्टर ठरवतील. ग्रुपवरच्या वहिनींनी त्यात पडू नये.