मवाळ साहेब एकाएकी तापले तर

साडेचार वर्षं ज्यांचा आवाज माइक असूनही तिसऱ्या रांगेपर्यंत पोचत नव्हता, ते तुमचे आमदारसाहेब परवा चौकात एकदम कडाडले. 'खूप ऐकून घेतलं, आता नाही!' गळ्यात कोरं करकरीत उपरणं, घडीच्या रेषासुद्धा अजून गेलेल्या नाहीत. आणि तुम्ही विचारताय, विश्वास ठेवावा का? अहो, ठेवायचाच. फक्त विश्वास हा नाशवंत माल आहे, नीट निगा राखली नाही तर चार दिवसांत वास मारतो. म्हणून काही पथ्यं.

आधी भिंतीवरचं कॅलेंडर उतरवा. मागच्या विधानसभेची आचारसंहिता 15 ऑक्टोबर 2024 रोजी लागली आणि मतदान 20 नोव्हेंबरला झालं. अशा तारखा शेजारी ठेवून साहेबांना साक्षात्कार नेमका कधी झाला ते पाहायला बसलात, की संपलं. त्यातही निकालानंतरच्या पहिल्या तीन वर्षांकडे तर पाहूच नका. तिथे साक्षात्कार सहसा होत नाहीत, हवामान अनुकूल नसतं. शिवाय ही गर्जना आपल्यासाठी आहे, असा मतदाराचा एक गोड गैरसमज असतो, तोही जपा. पुष्कळदा ती तिकीट वाटणाऱ्यांच्या कानासाठी असते. मतदारसंघात पक्षाचाच दुसरा इच्छुक बॅनर लावू लागला, किंवा जागा मित्रपक्षाला जाणार अशी कुजबुज सुरू झाली, की घसा आपोआप मोकळा होतो.

दुसरं पथ्य: विधिमंडळाच्या कामकाजाकडे फिरकायचं नाही. ज्या प्रश्नावर साहेबांनी चौकात मूठ आपटली, त्यावर सभागृहात एखादा तारांकित प्रश्न टाकला होता का? लक्षवेधी, म्हणजे तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष वेधणारी सूचना, दिली होती का? अर्ध्या तासाची चर्चा मागितली होती का? मंत्री नसलेल्या सदस्यालाही मांडता येणारं अशासकीय विधेयक आणलं होतं का? या चारही गोष्टींना ना डीजे लागतो, ना उपरणं. तारांकित प्रश्न तर कागदावर लिहून द्यायचा असतो. मंत्र्याला उभं राहून तोंडी उत्तर द्यावं लागतं आणि वर उपप्रश्न विचारून त्याला घाम फोडता येतो. इतकं स्वस्त हत्यार साडेचार वर्षं म्यानात का राहिलं, हा विचार श्रद्धेला घातक. साहेब स्वतः मंत्री असतील तर मात्र त्यांना सूट द्या, मंत्री प्रश्न विचारत नाहीत. ते जीआर काढतात. शासन निर्णयांच्या संकेतस्थळावर विभाग आणि तारीख टाकली की तो सापडतो, किंवा सापडत नाही. म्हणून शोधूच नये.

तिसरं, व्याकरण. शाळेत क्रियापदाचे चार अर्थ घोकले होते ते विसरून जा: स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. नाहीतर तापलेलं भाषण ऐकताना बोटं मोजली जातात. 'याचा हिशेब झाला पाहिजे.' विध्यर्थ. कोणी करायचा ते वाक्यात नाही. 'हे थांबायला हवं.' पुन्हा विध्यर्थ, थांबवणारा गैरहजर. 'पेटून उठा!' आज्ञार्थ, म्हणजे पेटायचं तुम्ही. 'वेळ आली तर रस्त्यावर उतरू.' संकेतार्थ, आणि वेळ येणार की नाही हे साहेबच ठरवणार. 'अमुक दिवशी मी अमुक केलं' या साध्या घडलेल्या गोष्टीच्या वाक्याला व्याकरणात स्वार्थ म्हणतात. तेवढा एक अर्थ तासाभराच्या भाषणात शोधून सापडत नाही. भाषणाबाहेर मुबलक.

हे व्याकरण कोर्टातही चालतं, गंमत म्हणून सांगत नाही. फेब्रुवारी 1990, शिवाजी पार्क. शिवसेनेतला सौम्य, सुशिक्षित चेहरा म्हणजे मनोहर जोशी सर. त्यांच्या भाषणातलं विधान असं नोंदलं गेलं की पहिलं हिंदू राज्य महाराष्ट्रात स्थापन होईल. सर दादरमधून निवडून आले, विरोधी उमेदवार उच्च न्यायालयात गेला आणि तिथे निवडणूक रद्द झाली. 11 डिसेंबर 1995 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. तोवर सर मुख्यमंत्री झाले होते. न्यायालयाने विधानाबद्दल तीव्र नापसंती नोंदवली, पण म्हटलं की नुसतं एवढं बोलणं म्हणजे धर्माच्या नावावर मत मागणं नव्हे, फार तर ती आशा व्यक्त करणं. त्याच दिवशी, त्याच पीठाने, पार्ल्याच्या 1987 च्या पोटनिवडणुकीत डॉ. रमेश प्रभू यांची निवड मात्र रद्दच ठेवली, कारण तिथल्या सभांत मत थेट धर्मावर मागितलं गेलं होतं. धर्माच्या नावावर मत मागायला मनाई करणारं लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 123(3) दोन्हीकडे तेच. साहेबांचं भाषण लिहून देणाऱ्यांना हा फरक तोंडपाठ असतो. आवाज कितीही चढू द्या, क्रियापद उंबऱ्याच्या अलीकडेच थांबतं. तुम्ही आवाज ऐका, क्रियापद त्यांच्यावर सोडा.

दुपारी उद्योजकांच्या मेळाव्यातलं साहेबांचं भाषण आणि संध्याकाळी चौकातलं भाषण, यांपैकी एकच ऐकायचं. दोन्ही लागोपाठ ऐकल्याने चक्कर येते.

सुरतेच्या काँग्रेसमध्ये डिसेंबर 1907 ला मवाळ आणि जहाल भिडले, तेव्हा व्यासपीठावर मराठी जोडा भिरकावला गेला होता. पण ते निदान दोन वेगळे गट होते. दोन्ही कामं एकाच माणसाकडून करून घेण्याची काटकसर नंतरची.

आता सर्वांत कडक पथ्य. मवाळ माणसाचा खरोखर बदललेला सूर कसा असतो, याचं उदाहरण चुकूनही आठवू नका. म्हणजे 1956 चे चिंतामणराव देशमुख. आयसीएस, रिझर्व्ह बँकेचे माजी गव्हर्नर, कधी मूठ न आपटलेला माणूस. मुंबई महाराष्ट्राला नाकारली म्हणून त्यांनी केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडलं आणि लोकसभेत उभं राहून कारणं सांगितली. सूर बदलला आणि खुर्ची गेली, दोन्ही एकाच वेळी. तुमच्या साहेबांच्या गर्जनेत काय गेलं, अशी तुलना करायचा मोह होतो. उपरण्याचे पैसेही कार्यकर्त्याने दिलेले असतात. साहेबांनी सभागृहात पक्षादेश मोडला असता तर राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टाखाली, म्हणजे पक्षांतरबंदीखाली, आमदारकी धोक्यात आली असती, म्हणून त्यांनी तिथे पक्षाच्या बाजूने मत दिलं आणि संताप चौकासाठी राखून ठेवला. चौकाला परिशिष्ट नाही.

गर्जनेचा हंगाम फार लांबत नाही. मतदान संपण्याच्या 48 तास आधी प्रचार बंद होतो आणि साहेबांचा घसाही तेव्हाच बसतो. निकालानंतर आठवड्याभरात कोणीतरी खवचट पत्रकार त्या भाषणाबद्दल विचारील. उत्तर येईल, 'माझ्या विधानाचा विपर्यास करण्यात आला. कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर दिलगिरी व्यक्त करतो.' हा शेवटचा 'तर' ऐकू आला तरी ऐकू न आल्यासारखं करा, संकेतार्थ आपण वर विसरलेलोच आहोत. आणि तुमच्या मोबाइलमध्ये त्या भाषणाची अखंड, न कापलेली क्लिप असेल, तर ती तारीख आणि चौकाचं नाव घालून जपून ठेवण्याचा अविचार करू नका. सरळ पुसा. पुढच्या निवडणुकीत साहेब पुन्हा पहिल्यांदाच तापणार आहेत, मोबाइलमध्ये जागा लागेल.