बॉण्ड तुटले की पाणी गरम होतं? उलटं आहे राव

तो मेसेज परत फिरतोय, 'क्षार विरघळताना बॉण्ड तुटतात, त्यांच्यातली एनर्जी बाहेर पडते म्हणून पाणी गरम होतं, आणि जे क्षार पाणी थंड करतात ते तापवल्याशिवाय विरघळतच नाहीत.' दोन ओळींत तीन चुका, कमाल आहे.

आधी बॉण्डचं बघू. बॉण्ड तोडताना एनर्जी खर्च होते, मिळत नाही. मिठात सोडिअम आणि क्लोराईडचे आयन, म्हणजे विजेचा भार असलेले कण, एकमेकांना घट्ट धरून बसलेले असतात, त्यांना पार सुटं करायचं तर एका मोलमागे (मिठाचा मोल म्हणजे साधारण 58 ग्रॅम) जवळपास 787 किलोज्यूल ओतावे लागतात. एनर्जी मिळते ती पाण्याचे रेणू आयनांना घेरतात तेव्हा, ऑक्सिजनची बाजू सोडिअमकडे, हायड्रोजनची क्लोराईडकडे, आणि त्यातून 783 च्या आसपास वसूल होतात. राहिले चारेक किलोज्यूल, ते पाण्याच्याच उष्णतेतून जातात, म्हणून साधं मीठसुद्धा पाणी किंचित थंडच करतं.

आता 'गरम होतं' हे. 100 मिली पाण्यात 10 ग्रॅम कोरडं कॅल्शिअम क्लोराईड टाकलं तर हिशोबाने सोळाएक डिग्री चढतं, हे खरं. पण तेवढंच अमोनिअम नायट्रेट टाका, सातेक डिग्री उतरतं. आणि गंमत म्हणजे तेच कॅल्शिअम क्लोराईड पाण्याचे सहा रेणू धरलेल्या स्फटिकाच्या रूपात घेतलं तर पाणी थंड होतं! क्षार तोच, पण पाणी आधीच चिकटलेलं, म्हणजे घेरण्याची बरीचशी कमाई स्फटिक बनतानाच होऊन गेलेली. मेसेजवाल्याने हे कसं बसवलं असतं देव जाणे.

तापवल्याशिवाय विरघळत नाही म्हणे. अहो, मुका मार लागल्यावर लावायचा तो कोल्ड पॅक दाबला की आतली पाण्याची पिशवी फुटते, क्षार विरघळतो आणि पॅक गारठतो, तिथे शेगडी कोण लावतं? रांगेत बसलेले आयन पाण्यात मोकळे पसरतात, एन्ट्रॉपी, म्हणजे कणांचा पसारा, वाढते आणि ती विरघळण्याच्या बाजूने असते, तिचाही हिशोब धरावा लागतो. मिठाच्या बाबतीत 25 डिग्रीला तो फायदा मोलमागे 13 किलोज्यूलच्या घरात जातो, तोटा फक्त 4 चा. ढवळल्याने नुसता वेग वाढतो.

तापवल्यावर असे क्षार बहुतेक जास्त विरघळतात, एवढं मात्र खरं. पोटॅशिअम नायट्रेट 100 ग्रॅम पाण्यात 0 डिग्रीला 13 ग्रॅम आणि 100 डिग्रीला 240 च्या वर. मीठ 36 वरून 39, बास.